छंद : निरंक

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षातल्या कोजागिरी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण. संपादक मंडळाच्या आग्रहावरून लिहून दिलं आहे. बोलताना जे राहून गेलं ते दोन-तीन ठिकाणी घातलं आहे.)



सेक्रेटरींनी मला सांगितलंय, दूध आटेपर्यंत बोला. काहिलीत किती दूध ओतलंय ते मी आत्ताच बघून आलोय, त्यामुळं घाई करत नाही. पत्रिकेत माझ्या नावापुढं विषय छापलाय, 'निवृत्तीनंतरचे छंद'. हा विषय मी मागितलेला नाही. पण मिळालाय तर एक जुनी बाकी त्यात मिटवून घेतो. जिची बाकी आहे ती समोर तिसऱ्या रांगेत बसली आहे. तिला विचारून बोलतोय, चोरून नाही.

तुम्हा सगळ्यांना आठवत असेल, गेल्या मार्गशीर्षात स्मरणिकेसाठी घरटी एक फॉर्म वाटला होता. नाव, जन्मतारीख, रक्तगट, शिक्षण, व्यवसाय आणि शेवटचा रकाना, छंद. आमच्या घरात कुठलाही फॉर्म आला की तो मी भरतो. रेशनकार्डापासून मुलाच्या पासपोर्टापर्यंत सगळे मीच भरले. चौतीस वर्षं सरकारी कचेरीत तेच केलं, एसटीनं रोज कोल्हापूर गाठून. त्यामुळं हात त्याला सरावलेला.

माझ्या रकान्यात लिहिलं : वाचन, संगीत, क्रिकेट. आता इथं घरचीच माणसं आहेत म्हणून सांगतो, वाचन म्हणजे पेपर, संगीत म्हणजे आकाशवाणी सांगली आणि क्रिकेट म्हणजे खुर्चीत बसून खेळाडूंना शिव्या. पण लिहायला तीन शब्द मिळाले. मग सौ.चा रकाना आला. मी पेन टेकवलं, दोन सेकंद थांबलो आणि लिहिलं : निरंक.

ज्यांनी कचेरीत काम केलंय ते हसले. बाकीच्यांसाठी सांगतो, वरून एखादी माहिती मागवली आणि आपल्याकडं त्यातलं काहीच नसलं की तक्त्यात 'निरंक' लिहून पाठवायचं असतं. कोरा रकाना चालत नाही. कोरा म्हणजे तुम्ही बघितलंच नाही. निरंक म्हणजे बघितलं, तपासलं आणि काही आढळलं नाही.

मी तपासलं होतं का? हाच खरा प्रश्न आहे. तो मला सुचला नाही. तिनं विचारला नाही. ती चहा घेऊन आली, चष्मा लावून फॉर्म वाचला आणि म्हणाली, "हे निरंक म्हंजे काय?" मी अर्थ सांगितला. ती काही बोलली नाही. टेबलावरची पेन्सिल घेतली आणि निरंकच्या वर बारीक अक्षरात लिहिलं : पोहणे.

मी हसलो. मोठ्यानं हसलो. "पोहणं? तू? कुठं पोहतेस, पिंपात?" असं म्हणालो.

"लहानपणी पवत होतो की विहिरीत," ती म्हणाली.

"ते लहानपणी. लोक हसतील छापून आल्यावर."

"मग भरा तुम्हाला पायजे ते. आजवर तुमीच भरलासा," असं म्हणून ती कपबशी घेऊन आत गेली.

तेव्हा मी काय केलं ते आता सांगतो, कारण ते सांगायलाच उभा आहे. पेन्सिल खोडली, निरंक खोडलं, आणि निरंक बरं दिसणार नाही म्हणून वर लिहिलं : भरतकाम. तिला भरतकाम येत नाही. साडीचा फॉल लावायचा तर ती बाहेर देते. पण बाईमाणसाच्या नावापुढं शोभतंय म्हणून लिहून टाकलं आणि फॉर्म देऊन आलो.

इथं जरा थांबून एका शब्दाबद्दल बोलतो. आपल्या कोल्हापूर भागात छंद हा शब्द फॉर्मवरच असतो. तोंडात आपल्या 'नाद' असतो. कुणाला तालमीचा नाद, कुणाला कबुतरांचा, कुणाला शर्यतीच्या बैलांचा, कोल्हापुरातल्या पेठांतल्या पोरांना फुटबॉलचा. आमचे वडील खासबागेत कुस्त्या बघायला वडगावातनं सायकल मारत जायचे आणि मध्यरात्री परत यायचे. घरात कुणी 'कशाला' म्हणून विचारलं नाही. नाद आहे म्हटलं की विषय संपला. आता हाच शब्द बाईला लावून बघा, "तिला नाद आहे" असं म्हणून बघा. वाक्याचा वासच बदलतो. म्हणून बायकांसाठी आपण 'हौस' ठेवलीय. हौस सणावारी करायची, चार माणसांत करायची आणि शक्यतो तिचा घराला उपयोग व्हायला हवा. नाद मात्र रोजचा, स्वतःचा आणि बिनउपयोगाचा. आमच्या घरात माझे तीन नाद होते आणि तिच्या वाट्याला हौसही फारशी नव्हती.

तर फेब्रुवारीत यादीचा कच्चा नमुना सोसायटीच्या फलकावर लागला. खाली सूचना, 'दुरुस्ती असल्यास आठ दिवसांत कळवावी.' तो कुणी वाचणार नाही असं मला वाटलं होतं. पण आपल्या सोसायटीत फलक वाचायचा नाद पुष्कळांना आहे. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पलीकडच्या गल्लीतल्या वहिनी मुलीला घेऊन दारात. मुलीच्या हातात कापड, लाकडी रिंग आणि रंगीत दोरे. "काकू, हिला शाळेत कार्यानुभवाला रुमाल करून न्यायचाय. साखळी टाका जमला, गाठीचा टाका जमत नाही. फलकावर बघितलं तुम्हाला भरतकामाची आवड आहे म्हणून."

सौ.नं त्या रिंगकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. मी सांगली आकाशवाणीच्या बातम्यांचा आवाज वाढवला.

तिनं त्या पोरीला परत पाठवलं नाही, हे मुद्दाम सांगतो. दोघी मोबाइलवर व्हिडिओ बघून रात्री नऊपर्यंत गाठीचा टाका शिकल्या. रुमाल झाला. मुलीला शेरा काय मिळाला माहीत नाही, पण आमच्याकडं जेवायला त्या दिवशी पिठलं-भात होता आणि भात माझा मी वाढून घेतला.

रात्री मी विषय काढला. चुकलं म्हणालो. ती म्हणाली, "चुकलं ते जाऊ दे. पण मला येतं काय, ते तुम्हाला माहीतच नव्हतं का खोटं वाटलं?"

माझ्याकडं उत्तर नव्हतं, कारण खरोखर माहीत नव्हतं. १९८४ साली लग्न झालं. चाळीस वर्षं म्हणजे काही थोडी नव्हेत. त्या रात्री ती बराच वेळ बोलली आणि मी, आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच, मध्ये न बोलता ऐकलं.

तिचं माहेर वारणाकाठी, खोचीच्या बाजूला. घराची विहीर मोटेची, काळ्या दगडात बांधून काढलेली, एका अंगाला धाव आणि वर थारोळं. ती लहान असताना मोट बंद पडत आली होती, इंजिन बसलं होतं. पण नाडा आणि सोंदूर खोपटात टांगलेले असायचे. तिच्या मामानं वाळका भोपळा पाठीला बांधून तिला पाण्यात सोडलं तेव्हा ती सहा वर्षांची. आठ दिवसांत भोपळा सुटला. पुढं उन्हाळ्याच्या सुट्टीत ती धावेवरनं सूर मारायची, तळातला चिखल मुठीत धरून वर यायची आणि तो पुरावा म्हणून भावाला दाखवायची. भावाला तळ गाठता येत नव्हता. तो अजूनही कबूल करतो.

मग पाहण्याचा कार्यक्रम. आमच्याकडनं मी, वडील आणि आमचे एक काका. काकांनी विचारलं, "पोरी, काय काय येतं तुला?" तिनं सांगितलं, सैपाक येतो, भाकरी येते, शिवण थोडं येतं. आणि "पवायला..." एवढं तोंडातनं आलं तोवर शेजारी बसलेल्या आत्तीनं मांडीला चिमटा काढला. वाक्य तिथंच राहिलं. मी समोर बसलो होतो. मला तो अर्धा शब्द ऐकू आला होता का? आला असेल. मी कांदेपोहे खात होतो. बहुतेक 'पोह्यांचं' काहीतरी म्हणाली असं वाटलं असेल.

आपल्या वडगावच्या सोमवारच्या बाजारात जनावर घेताना माणूस दहा प्रश्न विचारतो, दात बघतो, चालवून बघतो. आम्ही तीन प्रश्न विचारले, सुपारी फोडली आणि मोकळे झालो.

आता कुणाला वाटेल, सासरी बंदी होती. नव्हती. माझी आई कडक होती पण तिनं कधी 'पोहायचं नाही' असं म्हटलं नाही. मीही म्हटलं नाही. आमच्या गावातल्या घराला विहीर नव्हती, नळ होता, एवढंच. माहेरी गेली तर कडेवर मूल असायचं, मग दुसरं मूल, मग सासूचं आजारपण, मग मुलांच्या परीक्षा. मी तिला म्हटलं, "तू सांगायचंस." ती म्हणाली, "काय सांगू? कुणी नको म्हटलं असतं तर भांडलो असतो. कुणी नकोच म्हटलं नाही."

हे वाक्य मी त्या दिवसापासून बरोबर घेऊन हिंडतोय.

आणि एक गंमत बघा. मुलीच्या स्कॉलरशिपच्या वेळी मी रोज संध्याकाळी सामान्यज्ञान घोकून घ्यायचो. "इंग्लिश खाडी पोहून जाणारी पहिली आशियाई महिला कोण?" मुलगी म्हणायची, "आरती साहा, १९५९." तेव्हा तीन हातांवर ही भाकरी थापत असायची. २०१० साली आपल्या कोल्हापूरच्या वीरधवल खाडेनं आशियाई स्पर्धेत पन्नास मीटर बटरफ्लायमध्ये ब्राँझ घेतलं. पोहण्यात भारताला चोवीस वर्षांनी पदक मिळालं होतं. मी पेपरातलं कात्रण कापून हिला वाचून दाखवलं आणि वर म्हणालो, "पाण्यात श्वास धरणं म्हणजे खायची गोष्ट आहे काय!" ती म्हणाली, "हं." ते 'हं' मला आत्ता कळलं.

असंच भडंगाचं. पगाराच्या दिवशी मी स्टँडवरनं भडंगाची पुडी आणायचो, तिला आवडतं म्हणून. तिला त्यातला लसूण आवडत नाही. तीस वर्षं खाल्लं. पण ते जाऊ दे, त्यात माझा हेतू तरी चांगला होता.

चैत्रात, पाडवा झाल्यावर, मी मेव्हण्याला फोन केला. ती आधी नको म्हणाली. वय एकोणसाठ, गुडघे कुरकुरतात, बीपीची गोळी चालू. मुलानं पुण्याहून फोन केला, "बाबा, या वयात आईला विहिरीत कशाला घालताय?" घालतोय म्हणे! ती आमच्या डॉक्टरांकडं स्वतः जाऊन आली. डॉक्टर म्हणाले, गुडघ्याला पाण्यात बरंच वाटेल, फक्त एकट्यानं उतरायचं नाही आणि दम लागला की बाहेर यायचं.

सकाळी साडेसहाला आम्ही विहिरीवर. बाप्यांना मळ्यात पिटाळलं होतं. पाण्यात उतरायच्या आधी मोटारीचा फ्यूज काढून मेव्हण्यानं माझ्या खिशात घातला. हे सगळ्यांनी ध्यानात ठेवा, विहिरीत माणूस असताना फ्यूज काठावरच्या माणसाच्या खिशातच पाहिजे. माझ्या एका हातात ट्रकच्या टायरची ट्यूब, दुसऱ्या हातात कासरा आणि तिचा चष्मा. मला स्वतःला पोहता येत नाही. म्हणजे वाचवायला मीच आणि बुडणाराही मीच.

ती जुना पंजाबी ड्रेस घालून पायऱ्या उतरली. शेवटच्या पायरीवर बसली, पाय पाण्यात. ओंजळीत पाणी घेऊन कपाळाला लावलं. दहा मिनिटं तशीच बसून राहिली. मला वाटलं, भीती वाटतेय. "राहू दे, जाऊया परत," असं म्हणणार तेवढ्यात ती पायरीवरनं घसरल्यासारखी आत गेली आणि पाणी मिटलं.

मी मोजायला लागलो. एक, दोन, तीन. पाण्यावर एक बुडबुडा आला. चार, पाच. विहिरीतलं पाणी हिरवं असतं, हातभर खालचं काही दिसत नाही. सातला मी तिला नावानं हाक मारली. चाळीस वर्षांत तिला घरात 'अगं' आणि बाहेर 'आमची मंडळी', नावानं हाक कधी मारलीच नव्हती. त्या विहिरीत ती हाक चारी बाजूंनी घुमली. वरनं भावजय धावत आली.

पलीकडच्या भिंतीशी डोकं वर आलं. केस कपाळाला चिकटलेले. म्हणाली, "वरडतासा कशाला? तळ बघत होतो."

मूठ उघडून दाखवली. चिखल.

मग ती उताणी पडून राहिली, हात पसरून. वरती विहिरीच्या तोंडाएवढं गोल आभाळ. तिचा चष्मा माझ्याकडं, त्यामुळं तिला मी दिसत नव्हतो. मी कासरा गुंडाळून पायरीवर बसलो. कुणी काही बोललं नाही. बोलण्यासारखं मला काही सुचलंही नाही.

इथं मेव्हण्याच्या नातीबद्दल सांगायला पाहिजे. २०१९च्या ऑगस्टात वारणेचं पाणी गावात शिरलं तेव्हा मेव्हण्याचं सगळं बिऱ्हाड आपल्या सोसायटीत आमच्याकडं होतं, तुम्हाला आठवत असेल. तुम्ही घराघरातनं भाकऱ्या दिल्यात, कुणी गाद्या दिल्यात, एकानं तर म्हशीसाठी अंगण दिलं. २००५ लाही पाणी आलं होतं, पण यावेळी रात्रीत वाढलं. ती पोर तेव्हा चार वर्षांची. अंधारात तिला खांद्यावर घेऊन छातीभर पाण्यातनं बाहेर काढलं होतं. तेव्हापासून पोर पाण्याला अशी भ्यायली की डोक्यावरनं अंघोळ घालू देईना. विहिरीकडं तर पाठ करून उभी राहायची.

ती त्या सकाळी वरनं आजीचं पोहणं बघत होती. पाठ करून नाही, तोंड करून. पुढच्या रविवारी तिसऱ्या पायरीपर्यंत आली. त्याच्या पुढच्या रविवारी पाय भिजवले. सौ.नं तिला एकदाही 'ये' म्हटलं नाही. ती आपली पोहत राहायची. मला सांगितलं, "पाण्याला भ्यायचं नसतं असं खोटं तिला सांगायचं न्हाई. पुराच्या पाण्याला भ्यायचंच असतं. हे पाणी वेगळं, ते तिचं तिला कळू दे." मेमध्ये पोरीनं पाठीला कॅन बांधून घेतला. आता भोपळे कोण वाळवतंय? पाच लिटरचे दोन प्लॅस्टिकचे कॅन, झाकण घट्ट आणि मध्ये जुनी सुती ओढणी.

आणि शेजारी तसेच दोन कॅन बांधून मी. वय सहासष्ट.

मला वाटत होतं, ती प्रेमानं शिकवील. "पाय मारा! पोट वर! दगडागत पडू नगासा! सायकल चालवलासा न्हाई का, तसं!" आख्ख्या विहिरीत आवाज. कचेरीत साहेबांनी मला एवढं झापलं नव्हतं. पहिल्या दिवशी नाकातोंडात इतकं पाणी गेलं की दुपारी जेवण गेलं नाही. पोर काठावरनं हसत होती. पण एक सांगतो, मान मागं टाकून अंग सैल सोडलं आणि पाण्यानं पहिल्यांदा मला उचलून धरलं, तेव्हा तिचा पंजा माझ्या पाठीखाली होता. मी म्हटलं, "सोडू नको." ती म्हणाली, "कवाच सोडलाय."

पाऊस लागला, जूनमध्ये बंद केलं. दसऱ्यानंतर परत चालू झालंय. आपल्या सोसायटीतल्या तिघी जणी मागच्या रविवारी आल्या होत्या. त्यातली एक, नाव सांगत नाही, पंचेचाळीस वर्षांची, पायरीवर बसून आधी रडली, मग उतरली. टेंपो सकाळी सव्वासहाला गेटवरनं सुटतो, भाडं आम्ही वाटून घेतो. येणाऱ्यांनी कोरडे कपडे आणि डॉक्टरांना विचारलेलं असणं एवढं घेऊन यावं. सोसायटीकडं पैसे मागत नाही, अध्यक्षांनी घाबरू नये.

काहिलीवरनं हात दाखवतायत, म्हणजे दूध झालं. शेवटचं एकच. फलकावरची ती आठ दिवसांची मुदत केव्हाच संपली होती, तरी संपादक मंडळानं दुरुस्ती घेतली, त्यांचे आभार. सौ.च्या नावापुढं 'पोहणे' छापायचं ठरलंय. माझ्या नावापुढचं वाचन, संगीत, क्रिकेट मी काढायला सांगितलं आणि लिहून दिलं, 'पोहणे (शिकाऊ)'. तो कागद तिनं बघितला आणि माझंच पेन घेऊन खोडला.

"पोरीचा कॅन तिसऱ्या आठवड्याला सुटला," म्हणाली. "तुमचा सुटू दे, मग छापूया."